तीन विरुद्ध दोन

नऊ मिनिटांची एक लढत पाच माणसं रिंगच्या कडेला बसून पाहतात आणि पाच कागद भरतात. २ ऑक्टोबर १९८८ रोजी सोल ऑलिंपिकमध्ये ७१ किलो गटाची अंतिम लढत संपली, तेव्हा जमा झालेले कागद असे होते. सोव्हिएत आणि हंगेरियन पंचांनी ६०-५६ असा कौल अमेरिकेच्या रॉय जोन्सला दिला होता. उरुग्वे आणि मोरोक्कोच्या पंचांनी ५९-५८ अशा फरकानं दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनला पसंती दिली होती. युगांडाच्या पंचाचे गुण ५९-५९ असे समसमान झाले होते. पण हौशी बॉक्सिंगमध्ये बरोबरीवर लढत सोडता येत नाही, कुणाचं तरी नाव लिहावंच लागतं. त्यानं पार्कचं नाव लिहिलं. तीन विरुद्ध दोन. सुवर्णपदक यजमान देशाला.

त्या काळी गुण देण्याची रीत अशी होती: तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, फेरी जिंकणाऱ्याला २० गुण, हरणाऱ्याला १९, फारच मागे पडला तर १८. म्हणजे ६०-५६ याचा अर्थ तिन्ही फेऱ्या जोन्सच्या, आणि त्यातली एक तर चांगल्या फरकानं. ५९-५८ चा सरळ अर्थ असा की पार्कनं तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या. एकाच लढतीबद्दल, एकाच रिंगभोवती बसलेल्या माणसांची ही मतं. त्यांच्यात काही पावलांचं अंतर होतं.

मराठी वाचकाला या खेळाची ओळख बरेचदा कुस्तीच्या वाटेनं होते, आणि तिथं पाठ टेकली की निकाल लागला असं आपण धरून चालतो. (तसंही ते पूर्ण खरं नाही. २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मैदानात शिवराज राक्षेची पाठ टेकली की नाही यावरून केवढा वाद पेटला, ते सगळ्यांनी पाहिलं.) बॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्धी आडवा झाला तर प्रश्न मिटतो. पण हौशी स्पर्धांतल्या बहुसंख्य लढतींत कुणी आडवा होत नाही. दोघंही उभे राहतात, घंटा होते, आणि मग जिंकलं कोण हे बाहेर बसलेल्यांनी ठरवायचं असतं. हौशी नियमांत ठोशाच्या जोरालाही वेगळी किंमत नव्हती. मुठीच्या पुढच्या भागानं, डोक्याच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर अथवा पट्ट्याच्या वर धडावर लागलेला स्वच्छ ठोसा तेवढा धरायचा. त्या ठोशानं समोरचा खाली बसला काय किंवा नुसता डोळे मिचकावून उभा राहिला काय, हिशेबात दोन्ही सारखेच.

सोलमध्ये चुकलं काय, हे पाहण्याआधी या वजनी गटाविषयी थोडं. ६७ किलोच्या वर आणि ७१ किलोपर्यंत असलेल्यांचा हा लाइट मिडलवेट गट ऑलिंपिकमध्ये १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेपासून आला. पहिली दोन सुवर्णपदकं हंगेरीच्या लास्लो पापनं नेली. त्याआधी १९४८ मध्ये लंडनला तो मिडलवेट गटात जिंकला होता, त्यामुळे लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं मिळवणारा तो पहिला बॉक्सर ठरला. पाप डावखुरा होता आणि पंचांवर विसंबून राहण्याची त्याला फारशी गरज पडत नसे. सोव्हिएत संघाच्या बोरिस लागुतिननं १९६० ला कांस्य, १९६४ आणि १९६८ ला सुवर्ण अशी तीन पदकं याच वजनात मिळवली.

या वजनाची गंमत अशी की इथं खेळाडू जड ठोसा मारण्याइतका भरलेला असतो, पण तीन फेऱ्या पायांवर नाचण्याइतका हलकाही असतो. मधल्या गटांमध्ये गर्दीही जास्त. खेळाडू रोज सकाळी वजनकाट्यावर चढतो, चिठ्ठ्या टाकून जो समोर येईल त्याच्याशी लढतो, हरला की घरी जातो. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं. म्हणून उपांत्यपूर्व फेरी ही सगळ्यांत क्रूर: जिंकलात तर पदक नक्की, हरलात तर हात रिकामे. सुवर्णासाठी पंधरवड्यात पाच लढती, आणि पाचही वेळा पाच-पाच पंच.

वादाचा इतिहासही या वजनाला नवा नव्हता. १९७२ मध्ये म्युनिकला अमेरिकेचा रेगी जोन्स सोव्हिएत वालेरी त्रेगुबोव्हकडून ३-२ असा हरला, तेव्हा प्रेक्षकांनी डोक्यावर छप्पर घेतलं होतं. सोलमधला जोन्स त्याचा कुणी लागत नव्हता. योगायोग एवढाच की आडनाव तेच, वजन तेच आणि आकडेही तेच.

आता सोल. यजमान दक्षिण कोरियाच्या मनात लॉस एंजेलिसचं शल्य होतं. १९८४ च्या त्या स्पर्धेत क्यूबा आणि सोव्हिएत संघानं बहिष्कार टाकलेला. अमेरिकेनं बॉक्सिंगच्या १२ पैकी ९ सुवर्णपदकं घरच्या प्रेक्षकांसमोर उचलली. कोरियाचा किम दोंग-किल अमेरिकेच्या जेरी पेजकडून हरला, तेव्हा आपल्या माणसावर उघड अन्याय झाला अशी कोरियन पथकाची ठाम समजूत झाली. याच स्पर्धेत कोरियाच्या शिन जून-सपनं अंतिम लढतीत अमेरिकेच्या व्हर्जिल हिलला ३-२ असं हरवून सुवर्ण घेतलं होतं, ते मात्र रागाच्या हिशेबात धरलं गेलं नाही. चार वर्षांनी यजमानपद कोरियाकडे आलं, आणि बॉक्सिंगचा प्रत्येक निकाल त्या जुन्या हिशेबाच्या वहीत मांडला जाऊ लागला.

जामसिल स्टुडंट्स जिम्नॅशियममध्ये सुरुवातीच्या फेऱ्यांसाठी शेजारी-शेजारी दोन रिंग उभारल्या होत्या. खेळाडू इतके होते की एका रिंगमध्ये वेळेत आटोपलं नसतं. परिणाम व्हायचा तोच झाला. एका लढतीत शेजारच्या रिंगचा इशारा आपलाच समजून कोरियाच्या चुन जिन-चुलनं हात खाली सोडले आणि अमेरिकेच्या टॉड फॉस्टरनं त्याला ठोसा लगावला. लढत रद्द झाली, पुन्हा खेळवली गेली, पुन्हा फॉस्टरच जिंकला. अमेरिकेचा मिडलवेट अँथनी हेम्ब्रिक तर वेळापत्रक चुकीचं वाचल्यामुळे बस चुकून वेळेत पोहोचलाच नाही. एकही ठोसा न मारता त्याचं ऑलिंपिक संपलं.

सगळ्यांत मोठा स्फोट २२ सप्टेंबरला झाला. बँटमवेट गटात कोरियाचा ब्युन जोंग-इल बल्गेरियाच्या अलेक्झांडर ख्रिस्तोव्हकडून हरला. डोकं पुढे करून मारल्याबद्दल न्यूझीलंडचे रेफ्री कीथ वॉकर यांनी ब्युनचे गुण कापले होते. निकाल जाहीर होताच कोरियन प्रशिक्षक आणि अधिकारी रिंगमध्ये घुसले, वॉकर यांना धक्काबुक्की झाली, खुर्च्या-बाटल्या उडाल्या. सुरक्षेच्या गराड्यात बाहेर काढलेले वॉकर थेट विमान पकडून मायदेशी निघाले. ब्युन रिंगमध्येच बसून राहिला. पाच-दहा मिनिटं नव्हे, ६७ मिनिटं. शेवटी सभागृहाचे दिवे मालवले, तरी तो अंधारात बसलेला. हे सगळं दूरचित्रवाणीवर जगभर दिसलं. उरलेल्या दहा दिवसांत कोरियन खेळाडूच्या लढतीत गुण देताना पंचांच्या डोक्यात हे दृश्य नसेल, असं मानणं भोळेपणाचं ठरेल. लाच हा एक प्रकार झाला. आपल्यालाही उद्या असंच बाहेर काढावं लागेल, ही धास्ती दुसरा. दुसऱ्यासाठी पाकीट लागत नाही.

याच रिंगमध्ये भारताचे तीन बॉक्सर उतरले होते. त्यांत महाराष्ट्राचे दोघं: फ्लायवेट मनोज पिंगळे आणि बँटमवेट शाहूराज बिराजदार. बिराजदारचा गट म्हणजे ब्युनचाच गट. ७१ किलोमध्ये भारताचं कुणी नव्हतं.

या गटात अमेरिकेनं पाठवलेला रॉय जोन्स फ्लोरिडातल्या पेन्साकोला गावचा, वय १९. वडीलच त्याचे गुरू, आणि गुरू म्हणून अतिशय कडक. मुलगा मात्र रिंगमध्ये शिस्तीचा वाटत नसे. हात कमरेशी, हनुवटी उघडी, आणि समोरच्याला वाटावं की आता हा सापडला, तोवर डाव्या हाताचा हुक येऊन गेलेला. पुस्तकातलं बॉक्सिंग जॅबनं सुरू होतं; जोन्स वाटेल तिथून सुरू करायचा. पहिल्या लढतीत मलावीच्या खेळाडूला त्यानं पहिल्याच फेरीत झोपवलं. नंतर चेकोस्लोव्हाकियाचा मिखाल फ्रानेक, सोव्हिएत येव्गेनी झायत्सेव्ह आणि ब्रिटनचा रिची वुडहॉल, तिघांवरही ५-० असा निर्विवाद विजय. अंतिम फेरीपर्यंत एकाही पंचानं त्याच्याविरुद्ध मत दिलं नव्हतं.

पार्कचा रस्ता वेगळा होता. २२ वर्षांचा हा खेळाडू चांगलाच होता. त्याला कुणी उचलून आणून बसवलेलं नव्हतं. पूर्व जर्मनीचा टॉर्स्टेन श्मिट्झ आणि कॅनडाचा रे डाउनी यांना त्यानं पाचही पंचांच्या कौलावर हरवलं. पण पहिल्या लढतीत सुदानच्या अब्दुल्ला रमदानला लागलेले ठोसे नियमात बसणाऱ्या जागी नव्हते अशी कुजबुज झाली, आणि उपांत्यपूर्व फेरीत इटलीच्या विन्चेन्झो नार्दिएल्लोविरुद्ध तर उघड बोभाटा झाला. दोन फेऱ्यांनंतर नार्दिएल्लो पुढे होता. तिसरीनंतर निकाल ३-२ असा पार्कच्या बाजूनं लागला. नार्दिएल्लो गुडघ्यांवर कोसळला, जमिनीवर मुठी आपटू लागला, मग पंचांच्या टेबलाकडे ओरडत धावला. त्याला ओढून न्यावं लागलं. म्हणजे अंतिम लढत सुरू होण्याआधीच या गटात एक ३-२ घडून गेला होता. जगाला दुसराच आठवतो, कारण पदक सोन्याचं होतं आणि हरणारा पुढे मोठा झाला.

अंतिम लढतीचं चित्रण आजही पाहायला मिळतं, आणि ते पाहताना शोधूनही शंकेला जागा सापडत नाही. पहिल्या फेरीत पार्क अंतर मोजण्यातच वेळ घालवतो. जोन्स एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आत शिरतो, दोन-तीन ठोसे मारून बाहेर पडतो, आणि पार्कचा उलट ठोसा त्याच्या खांद्यावरून हवेत जातो. दुसऱ्या फेरीत जोन्सचा मारा वाढतो. इटालियन रेफ्री आल्दो लिओनी पार्कला थांबवून उभ्यानंच आठपर्यंत आकडे मोजतात. खेळाडू सावध आहे की नाही हे पाहण्यासाठी ही मोजणी असते, आणि ती ज्याच्यावर येते त्याची फेरी बुडाली असंच सहसा धरलं जातं. तिसऱ्या फेरीत पार्क दमलेला दिसतो. तो मागे हटत राहतो, जोन्स पुढे येत राहतो. शेवटच्या घंटेला जोन्स हात वर करतो. पार्क आपल्या कोपऱ्याकडे वळतो.

अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी ठोशांची मोजणी चालू होती. पहिली फेरी २०-३, दुसरी ३०-१५, तिसरी ३६-१४. एकूण जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. ही मोजणीही माणसंच बटणं दाबून करतात आणि ती अमेरिकन वाहिनीसाठी होती, हे ध्यानात ठेवूनही ५४ ठोशांचा फरक डोळ्यांच्या चुकीत बसत नाही.

निकालासाठी दोघं रेफ्रीच्या दोन बाजूंना उभे राहिले. लिओनींनी पार्कचा हात वर केला. आपल्यालाच विश्वास बसत नसल्याचं रेफ्रीनं कानात सांगितलं, असं जोन्स नंतर सांगत आला आहे. पार्कचा चेहरा जिंकलेल्याचा नव्हता. कोरियाची एकूण सुवर्णपदकं १२ झाली आणि पदकतालिकेत देश चौथा आला. या पदकाशिवाय तो पाचव्या स्थानावर गेला असता.

त्याच स्पर्धेतल्या सर्वोत्तम शैलीदार बॉक्सरला दिला जाणारा व्हॅल बार्कर करंडक जोन्सला मिळाला. म्हणजे संघटनेनंच एका हातानं सांगितलं की तू हरलास आणि दुसऱ्या हातानं सांगितलं की इथं तुझ्याएवढं चांगलं कुणी खेळलं नाही.

मग स्पष्टीकरणं आली. मोरोक्कोच्या पंचाचं म्हणणं म्हणून त्या वेळी छापून आलं ते असं: अमेरिकन खेळाडू सहजच जिंकतोय, बाकी चौघं त्यालाच मत देणार हे उघड होतं, तेव्हा घरच्या माणसाची अगदीच नाचक्की नको म्हणून आपण एक मत पार्कला दिलं. हे खरं धरलं, तर घोटाळा कटाचा नव्हे, दयेचा ठरतो. एकानं दया दाखवली तर निकाल ४-१. तिघांनी दाखवली की ३-२. पण हे फारच सोयीचं स्पष्टीकरण आहे. पार्कला मत देणाऱ्या तिन्ही पंचांना निलंबित करण्यात आलं.

बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, म्हणजे श्टासीची दप्तरं उघडली. जागतिक हौशी बॉक्सिंग संघटनेचे सरचिटणीस कार्ल-हाइन्झ वेर हे श्टासीचे खबरे होते, आणि त्यांच्या अहवालांत सोलच्या पंचांना पैसे दिले गेल्याचे उल्लेख होते. ब्रिटिश पत्रकार अँड्र्यू जेनिंग्ज यांनी ते उजेडात आणले. त्यावरून अमेरिकेनं दाद मागितली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं १९९७ मध्ये निष्कर्ष काढला की पंचांनी लाच घेतल्याचा पुरावा मिळाला नाही, निकाल कायम. जोन्सला निकालाची वाट पाहायची गरज राहिली नव्हती. १९८९ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंत जगज्जेतेपदं मिळवत गेला. २००३ मध्ये त्यानं जॉन रुइझला हरवलं, तेव्हा एकेकाळचा मिडलवेट विजेता शंभराहून अधिक वर्षांनी हेवीवेटचा किताब जिंकत होता.

पार्कचं काय झालं, हे फार कमी लोकांनी विचारलं. त्यानं पंच निवडले नव्हते, कागद भरले नव्हते. आपल्याच देशात त्याला टोमणे ऐकावे लागले; सुवर्ण जिंकून आलेल्या खेळाडूला लोक पदकाबद्दल विचारायचे ते संशयानं. त्यानं ग्लोव्ह्ज उतरवले, शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झाला, पुढे प्रशिक्षक झाला, राष्ट्रीय संघाचीही जबाबदारी घेतली. नैराश्याच्या वर्षांबद्दल तो नंतर मोकळेपणानं बोलला. २०२३ मध्ये त्याच्या आयुष्यावर बेतलेला ‘काउंट’ हा कोरियन चित्रपट आला. त्याच वर्षी मे महिन्यात तो पेन्साकोलाला गेला आणि हे तुझं आहे असं म्हणत पदक जोन्सच्या हातात ठेवलं. जोन्सनं ते चित्रण काही महिन्यांनी जगाला दाखवलं, त्यात तो रडताना दिसतो. ऑलिंपिकच्या नोंदींत मात्र सुवर्णापुढे आजही पार्कचंच नाव आहे.

सोलनंतर हौशी बॉक्सिंगनं ठरवलं की माणसाच्या हातातून कागद काढून घ्यायचा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून संगणक आला. प्रत्येक पंचासमोर एक लाल आणि एक निळं बटण. लाल कोपऱ्यातल्या खेळाडूचा ठोसा लागला की लाल दाबायचं. पाचपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं तरच गुण. ऐकायला चोख. एकटादुकटा पंच विकला गेला तरी काही बिघडणार नाही, कारण त्याला आणखी दोघांची साथ लागेल.

पण बार्सिलोनातच या चोखपणाची गंमत दिसली. अमेरिकेचा जगज्जेता एरिक ग्रिफिन यजमान स्पेनच्या राफाएल लोसानोकडून ६-५ असा हरला. लढतीनंतर पंचांची वेगवेगळी मोजणी पाहिली तर पाचही जणांनी ग्रिफिनलाच पुढे ठेवलं होतं. त्यांच्या दाबलेल्या बटणांची बेरीज ८१-५० अशी होती. बोटं एका सेकंदात जुळली नाहीत म्हणून पाच मतांनी जिंकलेला माणूस यंत्रानं हरवला. बेइमानी टाळायला आणलेल्या व्यवस्थेनं इमानदार पंचांचंही मत पुसून टाकलं.

त्याचा खेळावर परिणाम झाला, तो हळूहळू आणि खोल. जवळून पोटात मारलेले ठोसे तीन पंचांना एकाच क्षणी दिसत नाहीत, म्हणून खेळाडूंनी ते मारणं सोडलं. सलग चार ठोशांच्या मालिकेला बटण एकदाच दाबलं जातं, म्हणून मालिका गेल्या. लांबून, ठळक दिसेल असा एक सरळ ठोसा मारायचा आणि पळायचं, ही शाळा तयार झाली. जोन्ससारखा खेळणारा तिथं उपाशी राहिला असता. या काळातही याच ७१ किलोत एकदा यंत्राला बाजूला सारलं गेलं: १९९६ ला अटलांटात अमेरिकेचा डेव्हिड रीड क्यूबाच्या अल्फ्रेदो दुवेर्गेलपेक्षा मोठ्या फरकानं मागे होता, आणि तिसऱ्या फेरीत त्यानं एकाच उजव्या ठोशानं दुवेर्गेलला झोपवलं. मोजायला काही उरलंच नाही. पुढे २००० च्या सिडनी स्पर्धेनंतर हा वजनी गटच ऑलिंपिकमधून वगळला गेला.

संगणकाच्या शेवटच्या ऑलिंपिकमध्ये, २०१२ च्या लंडनला, भारतीयांनी हे सगळं जवळून पाहिलं. ६९ किलोमध्ये विकास कृष्णननं अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला १३-११ असं हरवलं. काही तासांनी अमेरिकेच्या तक्रारीवरून परीक्षकांनी चित्रफीत पाहिली. तिसऱ्या फेरीत विकासनं नऊ वेळा प्रतिस्पर्ध्याला पकडून धरलं, दुसऱ्या फेरीत मुद्दाम तोंडातला गमशिल्ड थुंकला, आणि रेफ्रीनं ताकीद द्यायला हवी होती ती दिली नाही, असं त्यांनी ठरवलं. स्पेन्सला चार गुण वाढवून मिळाले आणि निकाल १५-१३ झाला. भारताचं अपील फेटाळलं गेलं. त्याच स्पर्धेत सुमित संगवान ब्राझीलच्या यामागुची फाल्काओकडून १५-१४ असा हरला, तिथं भारताची तक्रार मात्र चालली नाही. या दोन निकालांवर आपल्याकडे जो संताप झाला तो समजण्यासारखा होता. विकासची पकडापकडी चित्रफितीत दिसत होती, हेही तितकंच खरं.

२०१३ मध्ये बटणं गेली, व्यावसायिक बॉक्सिंगसारखी १० गुणांची फेरी आली. म्हणजे खेळ फिरून पुन्हा कागदावर आला. २०१६ ला रिओमध्ये कझाकस्तानचा वासिली लेविट आणि आयर्लंडचा मायकेल कॉनलन यांच्या निकालांनी इतका गदारोळ झाला की स्पर्धेतले सगळे ३६ रेफ्री आणि पंच बाजूला काढले गेले. २०२१ मध्ये कॅनडाचे कायदेतज्ज्ञ रिचर्ड मॅक्लारेन यांच्या चौकशीनं सांगितलं की रिओत लढतींचे निकाल फिरवण्याची एक रीतसर साखळीच होती. तोवर ऑलिंपिक समितीनं संघटनेला दूर केलं होतं. टोकियो आणि पॅरिसचं बॉक्सिंग समितीनं स्वतः भरवलं.

पॅरिसमध्ये २०२४ ला ७१ किलो गट परत आला, आणि या वेळी त्यात भारताचा माणूस होता. हरियाणातल्या कर्नालच्या निशांत देवनं आदल्या वर्षी याच वजनात जागतिक स्पर्धेचं कांस्य मिळवलं होतं. पहिल्या लढतीत तो इक्वेडोरच्या होसे रोद्रिगेसविरुद्ध ३-२ असा निसटता जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या मार्को वेर्देविरुद्ध पहिली फेरी त्याच्या नावावर लागली, ठोसे ठळक होते, आणि भारतात रात्री जागून पाहणाऱ्यांना पदक दिसू लागलं. निकाल ४-१ असा वेर्देच्या बाजूनं लागला. समाजमाध्यमांवर भडका उडाला. ही कसली गुणपद्धत, असं विजेंदर सिंगनंही जाहीरपणे विचारलं. पण ही लढत म्हणजे सोल नव्हे. तिसऱ्या फेरीत निशांत थकला होता, वेर्दे पुढे येत होता. पाचांपैकी चौघांना तसं दिसलं यात चुकीचं मत असू शकतं, अशक्य मत नाही. इक्वेडोरच्या खेळाडूला ३-२ बद्दल काय वाटलं, हे आपल्याकडे कुणी विचारलं नाही. वेर्दे अंतिम फेरीत गेला आणि उझबेकिस्तानच्या असदखुजा मुयदिनखुजाएवकडून हरला.

चारच दिवसांनी त्याच पॅरिसमध्ये कुस्तीत विनेश फोगटचं वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती अपात्र ठरली. अपील झालं, हळहळ झाली, पण काट्यावरच्या आकड्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. बॉक्सिंगमध्येही सकाळचा काटा तितकाच निर्दय असतो: पॅरिसमध्ये ७१ च्या वर एक ग्रॅमही चालत नव्हता. मग संध्याकाळी याच खेळाडूंची मापं पाच जणांच्या डोळ्यांवर सोडली जातात, आणि सोलपासून पॅरिसपर्यंतच्या सगळ्या सुधारणांनी एवढंच केलं की ते डोळे कधी कागदाला जोडले, कधी बटणाला, कधी परत कागदाला.

आता कारभार ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या २०२३ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या संघटनेकडे आला आहे. तिनं वजनांची नव्यानं आखणी केली आणि २०२५ पासून पुरुषांचा ७१ किलोचा गट ७० किलोचा झाला. निशांत देव त्यात नाही. २०२५ च्या जानेवारीत तो लास व्हेगासला व्यावसायिक बॉक्सर म्हणून उतरला, सुपर वेल्टर गटात. तिथली मर्यादा १५४ पौंड, म्हणजे ७० किलोला जरा कमी, आणि रिंगबाहेर बसणारे पंच तीन.